जुन्या इस्टीमला सेकंडहँड कॅलिपर : नऊ महिन्यांनंतर

आमची मारुती इस्टीम गाडी २००४ ची, एमएच १३ पासिंग, अण्णांनी नवी घेतलेली. मारुतीने हे मॉडेल २००७ मध्ये बंद केलं. पॅड आणि लायनर अजून मिळतात, पण आख्खा कॅलिपर (ब्रेक मारला की आतल्या पिस्टनने पॅड चाकाच्या डिस्कवर, म्हणजे फिरणाऱ्या तबकडीवर, दाबणारा भाग) मागितला की काउंटरवरचा माणूस नुसती मान हलवतो. त्यामुळे जुना माल शोधण्याची वेळ आली.

गेल्या ऑगस्टमध्ये तुळजापूरहून येताना घाट उतरलो आणि तामलवाडीच्या पुढे गाडी डावीकडे ओढायला लागली. जळका वास आला म्हणून थांबलो. पुढच्या डाव्या रिमवर पाण्याचे दोन थेंब टाकले तर चर्र करून उडाले. पिस्टन जाम झाला होता. दुसऱ्या दिवशी खोलला तेव्हा पिस्टनवरची चकाकी उडालेली, मसुराएवढे गंजाचे खड्डे पडलेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि आम्ही ते चार वर्षं बदललं नव्हतं. चूक गाडीची नव्हती, आमची होती.

पहिला कॅलिपर एका जुन्या पार्टच्या दुकानातून ११०० रुपयांना आणला. 'इस्टीमचाच आहे, डावा आहे' म्हणून दिला. बसलाही व्यवस्थित. पण एअर, म्हणजे ब्रेकच्या पाइपात शिरलेली हवा, काढता काढता संध्याकाळ झाली, तरी पेडल स्पंजासारखं दबतच होतं. शेवटी आमचे मिस्त्री चाचा खाली वाकले आणि म्हणाले, "अरे बाळा, निप्पल खाली आलंय की! हा उजवा आहे." एअर काढायचं निप्पल वरच्या बाजूलाच लागतं, कारण हवा वर जाऊन साठते. कॅलिपर उलट्या बाजूला बसला की निप्पल तळाला येतं, नुसतं ऑइल बाहेर पडतं आणि हवा आतच राहते. दुकानदाराने पैसे परत दिले नाहीत, 'बदल्यात दुसरं काही घ्या' म्हणाला. याचा राग मला अजून आहे. डावा-उजवा सांगता येत नसेल तर ब्रेकचा माल विकू नये. यात माणसं बसतात.

नंतर अक्कलकोट रोडच्या बाजूला एका भंगाराच्या वाड्यात मागून ठोकलेली इस्टीम सापडली. तिचे पुढचे दोन्ही कॅलिपर ब्रॅकेटसकट (ज्यावर कॅलिपर बसतो तो लोखंडी भाग) २४०० ला घेतले. एकाच गाडीची जोडी घेण्याचं कारण आहे. त्याच वाड्यात 'हाही चालतो' म्हणून तिसरा एक दाखवला होता, दिसायला डिट्टो तसाच. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तर पिस्टन दोन-तीन मिलिमीटरने लहान. एका चाकाला मोठा पिस्टन, दुसऱ्याला लहान, म्हणजे जोरात ब्रेक मारला की गाडी सरळ थांबणारच नाही. तेव्हापासून पार्ट घ्यायला जाताना जुना पार्ट आणि व्हर्नियर दोन्ही पिशवीत असतात. 'चालतंय की' या शब्दावर ब्रेकचं काही घ्यायचं नाही.

पैसे देण्याआधी तिथेच निप्पल सोडवून पाहिलं. गंजलेलं निप्पल आत तुटलं तर कॅलिपर वाया जातो. रबर उचलून पिस्टन बघितला, कॅलिपर ज्यांच्यावर सरकतो त्या पिना सरळ आहेत का ते बघितलं. घरी आल्यावर चाचांनी मध्ये लाकडाचा ठोकळा ठेवून, हळूहळू हवा सोडून पिस्टन बाहेर काढले. तिथे बोट घालायचं नाही, पिस्टन गोळीसारखा येतो. धुतलं ते ब्रेक ऑइलनेच. पेट्रोल-डिझेलने रबर फुगतं. रबरांचं किट, पॅड, रबरी पाइप, कॉपर वॉशर आणि डॉट ३ ऑइल सगळं नवं घातलं. लोखंड जुनं चालेल, पण रबर आणि घासणारा माल जुना कधीच घेऊ नका, कितीही कोरा दिसला तरी.

डिस्कही त्याच गाडीची स्वस्तात मिळत होती. डिस्कवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो. व्हर्नियर कडेला लावला तर माप छान आलं. पण कडेचा भाग घासला जात नाही, तिथे उंच काठ राहतो आणि मापही त्या काठाचंच येतं. म्हणून दोन्ही बाजूंना एकेक रुपयाचं नाणं धरून मोजलं, नाण्यांची जाडी वजा केली, तर डिस्क कोरलेल्या आकड्यालाच टेकलेली होती. तिथेच सोडली आणि दोन्ही डिस्क नव्या घेतल्या.

आता नऊ महिने आणि सात हजारांहून जास्त किलोमीटर झाले. दोनदा पुणे, तुळजापूर तर किती वेळा. मे महिन्यात ४४ डिग्रीत भर दुपारी घाट उतरलोय. पेडल वरच लागतं, गाडी सरळ थांबते, दोन्ही चाकं सारखीच गरम होतात. डब्यातलं ब्रेक ऑइल पॅड झिजल्यामुळे उतरतं तेवढंच, गळती नाही.

एक तक्रार झाली ती पाचव्या महिन्यात. उजवीकडून बारीक चीं-चीं यायची. खोललं तर आतला पॅड बाहेरच्यापेक्षा निम्मा राहिलेला. पिनेला घाईत साधं ग्रीस लागलं होतं, त्याने पिनेचं रबर फुगलं आणि कॅलिपर सरकेना. रबरं बदलून सिलिकॉन ग्रीस लावलं, आवाज गेला. हा दोष जुन्या पार्टचा नव्हता.

कॅलिपर, किट, डिस्क, पॅड, मजुरी धरून नऊ हजारांच्या आत काम झालं. परत करायची वेळ आली तर जोडीच घेईन, आणि गाडीवरून माझ्यासमोर उतरवलेलीच घेईन.

आमच्या जुन्या डाव्या कॅलिपरचा पिस्टन गेलाय, पण ब्रॅकेट एकदम चांगला आहे. चादरीत गुंडाळून माळ्यावर ठेवलाय. सोलापुरात कुणाच्या इस्टीमला लागत असेल तर पैसे नकोत, मोजून घेऊन जा.