मऊ वाळूत जड गाडी: फोर-लो की कमी हवा?

पुण्याहून ताम्हिणी उतरून कोकणात जाणारे बरेच जण वाळू दिसली की आधी फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा, कमी वेगाचा गिअर) टाकतात. जोर वाढतो, हे खरं. पण भुसभुशीत वाळूत अडतं ते वजनामुळे. दोन टनांची पिकअप आणि 35 पीएसआय हवेच्या दाबाचे टणक टायर असले की ॲक्सिलरेटर दाबताच चाक जागीच फिरतं, खड्डा करतं आणि बघता बघता चॅसी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, वाळूवर टेकते. माझी टेकली होती. तासभर फावडं मारलं.

हवा 18 पर्यंत उतरवली की टायर लांबट पसरतो, वजन वाटलं जातं, गाडी वाळूवरून अलगद जाते. व्हॉल्व्हची पिन दाबायची, सुस्कारा ऐकत गेज लावत राहायचं. मात्र झटक्यात वळायचं नाही, टायर रिममधून निसटतो. डांबरावर येताच हवा भरायची, नाहीतर टायर तापतो. म्हणून छोटा कॉम्प्रेसर सोबत हवाच.

मी आधी हवाच उतरवतो, मग फोर-हाय (चारही चाकांना जोर, पण नेहमीच्या वेगाचा गिअर). फोर-लो फक्त रुतलेली गाडी हळूच काढायला. आणि हे सगळं परवानगी असेल तिथेच. वेळाससारख्या किनाऱ्यावर वाळूत कासवांची अंडी असतात, तिथे चाक नेऊच नका.