वातावरणाची प्रयोगपेटी: आधी घासणी बदला

पृथ्वीचं वातावरण कसं घडलं हे मुलांना हातानं करून दाखवणारी एक प्रयोगपेटी पुण्यात अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात मिळते. कल्पना उत्तम, काचसामान जाड आणि भरवशाचं. पण आहे तशी वापरली तर तिच्यातला सगळ्यात मोलाचा प्रयोगच फसतो.

तो प्रयोग गंजाचा. सायनोबॅक्टेरियांनी, म्हणजे सूर्यप्रकाशावर अन्न बनवणाऱ्या जिवाणूंनी, ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली तेव्हा तो लगेच हवेत साठला नाही. समुद्रात विरघळलेल्या लोहानं आणि ज्वालामुखीच्या वायूंनी तो गिळला. लोहखनिजाचे पट्टेदार खडक ही त्याची खूण. गडचिरोलीतल्या सुरजागडचं खनिज अशाच खडकांतलं. हवेत ऑक्सिजन टिकायला लागला तो सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी. हे दाखवायला पेटीत दिलीय भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची घासणी, जी गंजतच नाही! चुंबकानं पारख करू नका, काही स्टेनलेस घासण्यांनाही चुंबक चिकटतो. मिठाच्या पाण्यात भिजवून रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस डाग नसतील तर टाकून द्या.

बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानात बारीक स्टील वूल, म्हणजे गंजणाऱ्या साध्या पोलादाच्या तारांचा गुंता, मिळतं. त्यातलं १ ग्रॅम पुरेसं आहे. त्याच्यावर तेलाचा थर असतो, म्हणून ते दोन मिनिटं व्हिनेगरमध्ये बुडवून पाण्यानं नीट खळबळा. आम्ल उरलं तर लोखंडाशी क्रिया होऊन हायड्रोजन तयार होतो आणि पाणी कमी चढतं. ओलं वूल १५ सेंटिमीटरच्या परीक्षानळीच्या तळाशी दाबून बसवा, नळी पाण्यात उलटी ठेवा. एक-दोन दिवसांत पाणी साधारण ३ सेंटिमीटर चढून थांबतं, म्हणजे एक पंचमांश. हवेतला ऑक्सिजन २०.९५ टक्के, हिशेब जुळतो. सुरुवातीचं आणि शेवटचं, दोन्ही मोजमापं सकाळी एकाच वेळेला घ्या. तापमान १० अंशांनी वाढलं की आतली हवा फुगून ४ मिलिमीटरची चूक होते.

मेणबत्तीचा प्रयोग मात्र पुस्तिकेतून खोडूनच टाका. ग्लासाखाली मेणबत्ती विझली, पाणी चढलं, म्हणजे सगळा ऑक्सिजन संपला, असं त्यात छापलंय. मेणबत्ती विझते तेव्हा हवेत १५-१६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो. पाणी चढतं ते मुख्यतः तापलेली हवा थंड होऊन आकसते म्हणून.

सोडा आणि व्हिनेगरचा ज्वालामुखी दिसायला छान, पण कारण चुकीचं शिकवतो. मॅग्मा, म्हणजे जमिनीखालचा वितळलेला खडक, वर येताना दाब कमी होतो आणि विरघळलेले वायू सुटतात. सोडावॉटरची बाटली उघडली तरी हेच दिसतं. त्याच्या जोडीला वेताळ टेकडीवरचा भोकाभोकांचा काळा दगड दाखवा, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे आहेत ते.

चुन्याची निवळी बाटलीतून आधीच गढूळ येते, कारण झाकणातून हवा शिरते. घरीच करा. विड्याचा चुना चमचाभर, उकळून गार केलेलं पाणी १ लिटर, हलवून रात्रभर ठेवा, वरचं नितळ पाणी काढून घ्या. नळीनं फुंकलं की श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे चुनखडी, तयार होऊन ती पांढरी होते. फुंकतच राहिलं तर पुन्हा नितळ होते. हे पुस्तिकेत नाही, मुलांना वाटतं प्रयोग बिघडला. कॅल्शियम कार्बोनेटचं पाण्यात विरघळणारं बायकार्बोनेट होतं, एवढंच. पृथ्वीच्या आदिम हवेतला बहुतेक कार्बन डायऑक्साइड निवळी पांढरी होते तसाच कार्बोनेट बनून चुनखडकांत बंदिस्त झाला. शुक्रावर तो हवेतच राहिला, ९६ टक्क्यांहून जास्त. पेटीत गॉगल नाही, ही गंभीर उणीव आहे: चुना डोळ्यात गेला तर बुबुळ भाजतं. गॉगल आणल्याशिवाय हा प्रयोग नकोच.

हायड्रिला या पाणवनस्पतीतून उजेडात ऑक्सिजनचे बुडबुडे निघतात, तो प्रयोग ठीक. फक्त कडक उन्हात पाणी तापून विरघळलेली हवाही बुडबुड्यांनी बाहेर येते, म्हणून शेजारी वनस्पतीविना तसंच एक चंचुपात्र ठेवा.

छापील कालपटाचं प्रमाण सगळीकडे सारखं नाही, त्यामुळे अब्जावधी वर्षं बोटभर जागेत कोंबलीत. त्याऐवजी शिंप्याच्या १५० सेंटिमीटरच्या तीन टेपा जोडा आणि शून्य म्हणजे आज आणि १ सेंटिमीटर म्हणजे १ कोटी वर्षं धरा. पृथ्वीचा जन्म टेपेच्या टोकाबाहेर ४ सेंटिमीटरवर येतो, ऑक्सिजन २४० वर, दख्खनचा लाव्हा ६.६ वर. कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत २८० भागांवरून ४२० च्या वर गेला ती अडीचशे-पावणेतीनशे वर्षं दाखवायला पेन्सिलीची सगळ्यात बारीक रेघसुद्धा कितीतरी पट जाड ठरते.