दीव की फोर्ट कोची? जुन्या घरात मुक्काम करायचा तर कुठे

ठाण्याहून तीन-चार रात्रींसाठी निघायचं, समुद्र हवा, पण रिसॉर्ट नको, एखाद्या जुन्या घरात राहायचं, असं ठरलं की चर्चा बहुतेक वेळा दोन नावांपाशी येते. दीव आणि फोर्ट कोची. दीव हे खरोखरीचं बेट. फोर्ट कोचीला भूगोलवाले बेट म्हणणार नाहीत, पण एर्नाकुलमहून तिथे बोटीनं नाहीतर पुलांवरूनच जावं लागतं, त्यामुळे प्रवाशाच्या मनात तेही बेटच. दोन्हीकडे पोर्तुगीज आले, चर्चं बांधली, किल्ले बांधले. दोन्हीकडे जाड भिंतींची घरं आहेत आणि त्यांतल्या काही घरांत पाहुणे ठेवतात.

माझं मत आधीच सांगून टाकते. कोचीत अशी घरं भरपूर, छान राखलेली आणि महाग. पण तिथे तुम्ही दिवसभर बाहेर असता, घराचा उपयोग झोपण्यापुरता. दीवमध्ये अशी घरं मोजकी आणि साधी, पण दुपारचे चार तास तुम्ही त्याच घरात काढणार असता. म्हणून कोचीत खोलीवर हात आखडला तरी चालतो. दीवमध्ये खोली चुकली की सहलच फसते.

हे जरा उलटं वाटेल, कारण दीवला जाणारे बहुतेक लोक नागवा बीचवरचं हॉटेल घेतात आणि जुनं गाव रिक्षातून बघून येतात. नागव्याचा किनारा सुंदर आहे, अर्धगोल, मागे होका नावाची फांद्या फुटणारी ताडाची झाडं. पण गुजरातेत दारूबंदी आणि दीवमध्ये नाही, त्यामुळे शनिवार-रविवार, दिवाळीची सुट्टी आणि थर्टीफर्स्टला तिकडे काय गर्दी उसळते ते वेगळं सांगायला नको. गाव तिथून सातेक किलोमीटरवर आहे आणि संध्याकाळी बरंच शांत असतं. स्कूटर भाड्यानं घ्या, सकाळी पोहायला नागव्याला जा आणि राहायला गावात या.

ठाणेकरांना दीवचा इतिहास परका वाटायचं कारण नाही. गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांना दिली, तिच्याबरोबर साष्टी आणि साष्टीतलं आपलं ठाणंही गेलं. पुढच्याच वर्षी त्यानंच त्यांना दीवला किल्ला बांधू दिला. ठाण्याचा किल्ला १७३७ साली चिमाजीअप्पांच्या मोहिमेत मराठ्यांकडे आला आणि आता त्यात मध्यवर्ती कारागृह आहे, त्यामुळे तो आतून बघण्याची हौस कोणी धरत नाही. दीवमध्ये फिरंगी १९ डिसेंबर १९६१ पर्यंत टिकले. तिथला किल्ला, तटावरच्या तोफा, समोर पाण्यात उभा असलेला पाणीकोठा हे सगळं आरामात बघता येतं. चर्चच्या आसपासच्या वस्तीला आजही फिरंगीवाडा म्हणतात. सेंट पॉलमध्ये अजून प्रार्थना होते, सेंट थॉमसचं संग्रहालय झालंय. या सेंट थॉमसच्या वर पूर्वी साध्या खोल्या भाड्यानं मिळत, आणि पाठीवर पिशवी टाकून फिरणाऱ्या परदेशी मुलांमध्ये त्यांचं मोठं नाव होतं.

जुन्या गावात झांपा दरवाज्यापासून आत शिरलात की कोरीव दर्शनी भागांची एकाहून एक घरं लागतात. त्यांतली बरीचशी कुलूपबंद. दीवची माणसं आधी मोझांबिकला गेली, पुढे पोर्तुगीज पासपोर्टवर कित्येक जण इंग्लंडला स्थायिक झाले. गावाला घरं आहेत, पण उघडायला माणूस नाही. पाहुणे ठेवणारी घरं थोडी आहेत ती यामुळेही. जी आहेत ती बहुधा घरातलीच माणसं चालवतात, चार-पाच खोल्या, वर गच्ची. दुपारी एकच्या सुमाराला बाजार मिटतो तो चारनंतर उघडतो (पुणेकरांना इथे अगदी घरी आल्यासारखं वाटावं). ऊन असं की किल्ल्यावर थांबवत नाही. मग उरतं ते घर. उंच छत, दोन्ही बाजूंनी खिडक्या आणि बसायला ओटा किंवा गॅलरी असेल तर ही दुपार सोन्याची. गच्चीवरची पत्र्याची खोली मिळाली तर त्याच दुपारी तुम्ही परतीची गाडी शोधायला लागाल.

फोर्ट कोचीचं रूप निराळं. पोर्तुगीज १५०० मध्ये आले, १६६३ मध्ये डच, १७९५ मध्ये इंग्रज, आणि प्रत्येकानं आधीच्याच्या भिंतींवर आपलं काहीतरी चढवलं. सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये १५२४ साली वास्को द गामाला पुरलं होतं, पुढे अवशेष लिस्बनला नेले. किनाऱ्यावर चिनी जाळी, प्रिन्सेस स्ट्रीटवर कॉफीची दुकानं, मट्टांचेरीत राजवाडा आणि १५६८ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ. चालत फिरावं असं गाव आहे आणि सावलीला मोठाले शिरीष आहेत, त्यामुळे दुपारीही माणूस बाहेर तग धरतो. डिसेंबर ते मार्चमध्ये बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, असलं तर जुन्या वखारीच दालनं होतात आणि पाय दुखेपर्यंत बघता येतं. संध्याकाळी वॉटर मेट्रोच्या बोटीनं एर्नाकुलमला जाऊन या, नाहीतर रो-रोनं, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या फेरीबोटीनं, समोरच्या वैपीन बेटावर.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, कारण आपली बहुतेक माणसं गुरुवारी रात्री निघून रविवारी परतण्याच्या बेतानं जातात. मट्टांचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो आणि ज्यूंचं प्रार्थनास्थळ शुक्रवार-शनिवार. राजवाडा शनिवारी बघता येतो, पण रविवार हातात ठेवला नाहीत तर प्रार्थनास्थळ बाहेरूनच बघाल.

मट्टांचेरीत मराठी माणसाला सुखावणारी आणखी एक बाब म्हणजे तिथली कोकणी वस्ती. सोळाव्या शतकात गोव्यातून निघालेले गौड सारस्वत चेरलाईत स्थिरावले, त्यांचं तिरुमल देवस्वम तिथे आहे. देवळाच्या आसपास कानावर पडणारी कोकणी निम्मी तरी कळते. जवळच गुजराती रोड आहे, त्यामुळे खोबरेल तेलाच्या वासानं वैतागणाऱ्या आजी-आजोबांची सोय होते. दीवमध्ये तो प्रश्नच नाही, गुजराती थाळी गल्लोगल्ली. मासळी दोन्हीकडे ताजी, पण चवीला कोचीचं पारडं जड. सकाळी घरमालकिणीनं केलेलं अप्पम आणि स्ट्यू हा कोचीतल्या होमस्टेचा खरा दागिना.

पोहण्याच्या बाबतीत मात्र कोची सरळ नापास. फोर्ट कोचीचा किनारा बघण्याचा आहे, पाण्यात उतरण्याचा नाही. पोहायचं तर वैपीनच्या टोकाकडचं चेराई गाठावं लागतं. लहान मुलं बरोबर असतील आणि त्यांना रोज वाळू हवी असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, दीव. फक्त पावसाळ्यात नको, तेव्हा तिथेही समुद्रात उतरायला बंदी असते.

जाण्याचं सांगायचं तर ठाणे-पनवेलकरांना कोची सोपी आहे, लांब असली तरी. नेत्रावती एक्सप्रेस ठाण्याला आणि पनवेललाही थांबते, साधारण चोवीस तासांत एर्नाकुलम. वाटेत कोकण. दीवला जाणारी गाडी पश्चिम रेल्वेची, म्हणजे आधी बोरिवली किंवा वांद्रे टर्मिनस गाठा, रात्रभर प्रवास करून वेरावळ, आणि तिथून पुढे ऊनामार्गे नव्वदेक किलोमीटर रस्ता. सोमनाथ वाटेतच, त्यामुळे ज्येष्ठ मंडळी या फेऱ्याला नाही म्हणत नाहीत. स्वतःच्या गाडीनं जाणाऱ्यांना हजिरा ते घोघा ही रो-रो सोयीची, खंबातच्या आखाताचा वळसा वाचतो. हे घोघा भावनगरजवळचं. दीवच्या पुलापलीकडे आहे ते घोघला. मॅपवर टाकताना नीट बघा.

आता खोलीबद्दल, कारण पैसे शेवटी त्याचेच मोजायचेत. ‘हेरिटेज’ ही पाटी कोणीही लावतं. केंद्राच्या पर्यटन खात्याच्या वर्गवारीत हेरिटेज हॉटेल म्हणवून घ्यायला वास्तू १९५० पूर्वीची लागते आणि किमान पाच खोल्या. केरळ सरकार होमस्टेंना डायमंड, गोल्ड, सिल्व्हर अशी श्रेणी देतं. कोचीत घर निवडताना ती श्रेणी विचारणं सोपं आणि उपयोगाचं. दिसण्यावर जाऊ नका. फोर्ट कोचीतलं ब्रंटन बोटयार्ड हे देखणं हॉटेल जुन्या जहाजबांधणीच्या जागेवर जुन्या धर्तीवर नव्यानं बांधलेलं आहे. राहायला उत्तम, पण जुन्या भिंतींसाठी जाणार असाल तर त्या तिथे नाहीत. उलट बोळगट्टीचा वाडा डचांनी १७४४ मध्ये बांधलेला, खऱ्याखुऱ्या बेटावरचा, आणि आज केरळ पर्यटन महामंडळाचं हॉटेल. पण तिथेही मूळ वाड्यातल्या खोल्या थोड्याच, बाकीच्या नंतर बांधलेल्या. बुकिंग करताना ‘मुख्य इमारतीतली खोली ना?’ हे विचारून लेखी घ्यावं. भाडं रात्रीला साडेसात हजारांच्या वर गेलं की जीएसटी १८ टक्के होतो, खाली ५ टक्के. कोचीतल्या नावाजलेल्या घरांचे सीझनमधले दर या रेषेच्या आसपास घोटाळतात, म्हणून करासकट आकडा मागा.

जुन्या घराचे जाच दोन्हीकडे तेच. लाकडी तक्तपोशी असली की वरच्या मजल्यावरचा माणूस रात्री पाणी प्यायला उठला तरी खाली कळतं, म्हणून खोली वरच्या मजल्यावरची घ्यावी. पण मग जिना येतो, अरुंद आणि उभा, आणि गुडघे दुखणारं माणूस बरोबर असेल तर वरच्या मजल्याचा विचार सोडा. न्हाणीघर नंतर जोडलेलं असतं, कधी दोन पायऱ्या उतरून. चुन्याच्या भिंती ओल धरतात. जून ते सप्टेंबर कोचीत कपडे वाळत नाहीत आणि उशीला कुबट वास येऊ शकतो. जाड भिंतींतून वायफाय पोचत नाही, तेव्हा शुक्रवारी लॅपटॉप उघडायचाच असेल तर राउटर कुठे आहे ते आधी विचारा. कोचीत डास आहेत, मच्छरदाणी हवीच. दीवमध्ये नळाचं पाणी खारं आहे का आणि वीज गेली तर पंखा चालतो का, हे दोन प्रश्न फोनवरच संपवा.

आईवडिलांना घेऊन निघाला असाल तर मी कोची म्हणेन. गाडी घराजवळून, चालणं सपाट, बघायला रोज काहीतरी, आणि खोली मध्यम असली तरी कोणी कुरकुरत नाही. नवराबायको दोघंच, किंवा कॉलेजपासूनचे तीन-चार मित्र असाल, हातात पुस्तक आणि संध्याकाळी थंड बिअर एवढीच अपेक्षा असेल, तर दीव. नोव्हेंबरअखेर ते फेब्रुवारी, आणि लाँग वीकेंड टाळून.

बुकिंगचा क्रमही वेगळा ठेवावा लागतो. कोचीसाठी आधी रेल्वेचं तिकीट. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांत नेत्रावती लगेच भरते. खोली नंतरही मिळते, गल्लोगल्ली होमस्टे आहेत. दीवसाठी आधी गावातल्या घरात फोन करून खोली पक्की करा, तीही रस्त्याकडची नको, आतल्या चौकाकडची. ती मिळाली तरच वेरावळचं तिकीट काढा.