ट्रेडच्या अफवांचं ॲप पाच महिने वापरलं, त्याचा अनुभव (सोटोच्या दुःखासकट)

आधीच सांगते, मी यांकीजवाली आहे, म्हणजे न्यूयॉर्कच्या यांकीज या बेसबॉल टीमची फॅन, त्यामुळे हा रिव्ह्यू तटस्थ वगैरे नाहीये. न्यू जर्सीत एडिसनला राहते. घरात मी यांकीज, पोरगा मेट्स, न्यूयॉर्कचीच दुसरी टीम (बारा वर्षांचा आहे, शाळेतल्या मित्रांनी बिघडवला), आणि नवऱ्याला दोन्ही टीम सारख्याच वाटतात म्हणून त्याचं मत आम्ही धरत नाही.

ॲप घेतलं ते मागच्या वर्षी, 2024 च्या नोव्हेंबरमध्ये. त्याच्या आदल्याच आठवड्यात, 30 ऑक्टोबरला, वर्ल्ड सीरिजच्या, म्हणजे बेसबॉलच्या फायनलच्या, पाचव्या मॅचमध्ये 5-0 ने पुढे असताना पाचव्या इनिंगमध्ये आपल्याच जजच्या हातातून अगदी सोपा कॅच सुटला, मग व्होल्पीचा थ्रो चुकला, मग कोल पहिला बेस कव्हर करायला धावलाच नाही, आणि आपण 7-6 हरलो, लॉस एंजेलिसची डॉजर्स चॅम्पियन. रात्रभर डोक्यात एकच, आता आपला स्टार बॅटर हुआन सोटो फ्री एजंट होणार, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट संपून मोकळा, राहतोय की जातोय. ज्या माणसाच्या होमरनवर (आपल्या सिक्ससारखा फटका) आपण वर्ल्ड सीरिजला पोचलो तो गेला तर मागे उरतं काय. म्हणून ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) आणि सायनिंगच्या बातम्या, अफवा सगळं एका जागी देणारं हे ॲप घेतलं. फुकट व्हर्जनमध्ये जाहिराती फार, म्हणून महिना चार डॉलरवालं घेतलं. ॲपचं नाव लिहीत नाही कारण पुढे बऱ्याच तक्रारी आहेत. फॅमिली प्लॅनमध्ये तीन फोन चालतात, तिसरा बाबांच्या फोनवर टाकला. बाबा सांगलीला असतात, उन्हाळ्यात इथे चार महिने राहून गेले तेव्हा रोज संध्याकाळी माझ्याबरोबर मॅच बघायचे आणि परत जाताना निम्म्या टीमची नावं पाठ करून गेले.

ज्यांना ही भानगड नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. आपल्या आयपीएलचा मेगा ऑक्शन 24-25 नोव्हेंबरला जेद्दाला झाला, दोन दिवसांत बाजार उठला, ऋषभ पंत 27 कोटीला लखनौकडे, टाळ्या, संपलं. इथे तसा हातोडाच नाही. वर्ल्ड सीरिज संपली की ज्यांचे कॉन्ट्रॅक्ट संपलेत ते मोकळे, एजंट लोक फोनवर बोलणार, टीम आपापसात खेळाडू अदलाबदल करणार, आणि हे फेब्रुवारीपर्यंत चालणार, कधी त्याच्याही पुढे. पगाराला पक्की वरची मर्यादाही नाही, फक्त एका रकमेवर गेलात की टॅक्स भरा. त्यामुळे हिवाळाभर बर्फ उपसताना लोकांना बोलायला हा एकच विषय. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, तसं आम्ही मायलेक न आलेल्या खेळाडूंवरून जेवणाच्या टेबलावर भांडलोय.

आता सोटोची रात्र. 8 डिसेंबर, रविवार, दहाच्या आसपास. डोशाचं पीठ मिक्सरला लावलं होतं आणि फोन ओट्यावर स्टीलच्या ताटाला टेकवून ठेवला होता, म्हणजे मिक्सरच्या आवाजात फोन ऐकू आला नाही तरी व्हायब्रेट झाला की ताट खडखडतं. ताट गप्प. आणि वरच्या खोलीतून, जिथे पोरगा झोपलेला असणं अपेक्षित होतं, तिथून असा आवाज आला की मला वाटलं पलंगावरून पडला. "आई! सोटो! मेट्स!" त्याला मित्राचा मेसेज आला होता. मी मिक्सर बंद केला, हात पुसले, वर गेले, त्याला झोपायला सांगितलं, खाली आले, आणि मग ताट खडखडलं. पैसे भरून घेतलेलं ॲप सातवीतल्या पोराच्या मित्रापेक्षा सहा मिनिटं मागे. 15 वर्षं, 76 कोटी 50 लाख डॉलर. यांकीजने म्हणे 16 वर्षांचे 76 कोटी देऊ केले होते, म्हणजे अगदी थोडक्यात गेला, आणि ते जास्त लागलं.

पंधरा मिनिटांत बाबांचा फोन. सांगलीत सोमवारची सकाळ.

"काय गं, तो तुमचा सोटो गेला म्हणे शेजारच्या टीमला."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तूच टाकलंयस ना ते मोबाईलवर, टुंग टुंग वाजतंय. मी हिशेब केला, साडेसहा हजार कोटी रुपये होतात जवळजवळ. बरोबर आहे का?"

बरोबर होता हिशेब.

दुसऱ्या दिवशी ॲप काढूनच टाकणार होते, पण 10 तारखेला मॅक्स फ्रीड आला, 8 वर्षं, 21 कोटी 80 लाख, डावखुऱ्या पिचरला (बॉल टाकणारा) आजवर मिळालेलं सगळ्यात मोठं कॉन्ट्रॅक्ट. मग 13 तारखेला मिलवॉकीकडून क्लोजर, म्हणजे मॅच संपवायला शेवटी येणारा पिचर, डेव्हिन विल्यम्स, नेस्टर कोर्तेस आणि केलेब डर्बिनच्या बदल्यात. मग शिकागो कब्जकडून कोडी बेलिंजर. मग गोल्डश्मिट एका वर्षासाठी, सव्वा कोटी डॉलर. एका सोटोच्या पैशात घर भरलं. त्या दोन आठवड्यांत ॲपची किंमत वसूल झाली हे मान्य करायलाच पाहिजे, कारण अधिकृत झालेल्या गोष्टी ते चांगल्या मांडतं, कोण गेला, कोण आला, किती वर्षं, सगळं एका पानावर.

घोडं पेंड खातं ते अंदाजात. त्यांचं एक "हीट मीटर" आहे, प्रत्येक फ्री एजंटपुढे टीमची नावं आणि टक्के. हे टक्के येतात कुठून देव जाणे. पिचर कॉर्बिन बर्न्सच्या पुढे महिनाभर सॅन फ्रान्सिस्को, टोरांटो, बाल्टिमोर असं वरखाली चालू होतं, आणि डिसेंबरच्या शेवटी तो गेला ॲरिझोनाला, 6 वर्षं 21 कोटी. ॲरिझोनाचं नाव मीटरमध्ये शून्य टक्क्यालासुद्धा नव्हतं, आणि दुसऱ्या दिवशी बघितलं तर गुपचूप 100 टक्के करून ठेवलेलं. असं मीटर मीपण चालवीन.

मग मी मीटर बघणं सोडलं आणि बातमीतले शब्द बघायला लागले, आणि तिथून खरी मजा आली. "चेक इन केलं" म्हणजे एजंटला फोन केला, बस, फोन सगळेच करतात, मला परवडत असतं तर मीपण केला असता. "इंटरेस्ट आहे" म्हणजे कुणाला नसतो. "मिस्टरी टीम पण आहे" असं आलं की समजायचं एजंट किंमत चढवतोय. कुठलीही पुडी सुटली की पहिलं विचारायचं, ही बातमी बाहेर आल्याने फायदा कुणाचा. खेळाडू महाग होणार असेल तर एजंटकडून आलीये. "आम्ही फार प्रयत्न केला हो" असा सूर असेल तर टीमकडून, फॅन लोकांनी नंतर शिव्या घालू नयेत म्हणून. सोटो, बर्न्स, ब्रेगमन, अलोन्सो, चौघांचा एजंट एकच, स्कॉट बोरास, म्हणजे विचार करा हिवाळाभर किती पुड्या एकाच दुकानातून बांधल्या गेल्या असतील. आमच्या पोराला पीट अलोन्सोचं टेन्शन होतं, जानेवारीत मेट्सच्या फॅन कार्यक्रमात मालक स्टीव्ह कोहेन स्टेजवर आणि समोर लोक "वी वाँट पीट" ओरडतायत, तो व्हिडिओ त्याने मला वीसदा दाखवला. मीटर तेव्हा टोरांटोकडे झुकलेलं. फेब्रुवारीत अलोन्सो मेट्सकडेच परत, 2 वर्षं, 5 कोटी 40 लाख. मी त्याला आधीच सांगितलं होतं की टोरांटोचं नाव भाव वाढवायला घेतायत, पण आईचं कोण ऐकतं.

टोरांटोच्या फॅन लोकांबद्दल मात्र मला मनापासून वाईट वाटतं. 2023 च्या डिसेंबरमध्ये जपानी स्टार ओहतानी टोरांटोला निघालाय म्हणून लोक एका खाजगी विमानाचा नकाशा दिवसभर बघत बसले, आणि विमानातून उतरला कॅनडाचा एक टीव्हीवाला उद्योगपती. ओहतानी दुसऱ्या दिवशी डॉजर्सकडे, 10 वर्षं 70 कोटी, त्यातले 68 कोटी नंतर घेणार. 2025 च्या जानेवारीत परत तेच. जपानचा रोकी सासाकी 23 वर्षांचा, आणि 25 च्या आतला असला की नियमाने त्याला मोठं कॉन्ट्रॅक्ट देताच येत नाही, परदेशी पोरांसाठी प्रत्येक टीमला ठरवून दिलेल्या बोनसच्या रकमेतूनच द्यायचं, आणि त्या रकमा होत्या साधारण 51 लाख ते 75 लाख डॉलर. म्हणजे इथे पैशाचा लिलाव नाहीच, पोराच्या मनात कोण ते महत्त्वाचं. आणि आमचं ॲप त्याच्यापुढे "अपेक्षित कॉन्ट्रॅक्ट" म्हणून कोटींचे आकडे लावून बसलेलं! मी सपोर्टला दोनदा लिहिलं, उत्तर आलं "तुमच्या सूचनेबद्दल आभार". 17 जानेवारीला टोरांटोने क्लीव्हलँडकडून माइल्स स्ट्रॉ नावाचा आउटफिल्डर (लांब मैदानातला फील्डर) घेतला, त्याचा पगार अंगावर घेऊन, का तर त्याच्याबरोबर बोनसच्या रकमेत 20 लाखांची भर मिळत होती. झालं, सगळ्यांना वाटलं सासाकी पक्का. त्याच दिवशी संध्याकाळी सासाकीने इन्स्टाग्रामवर जाहीर केलं, डॉजर्स. टोरांटोकडे उरला स्ट्रॉ.

ट्रेड मशीन हा भाग पोरगा जास्त वापरतो. दोन टीम निवडायच्या, खेळाडू इकडून तिकडे ओढायचे आणि ॲप सांगतं ट्रेड "मंजूर" की "नामंजूर". खेळायला झकास, अक्कल मात्र शून्य, कारण ते प्रत्येक खेळाडूला पॉइंट देतं आणि नुसती बेरीज करतं. आमच्या पोराने सहा फुटकळ मायनर लीगवाले (खालच्या लीगमधले) देऊन ह्यूस्टनचा काइल टकर मेट्सला आणला, ॲप म्हणालं मंजूर. आवळा देऊन कोहळा काढायची अशी सोय असती तर काय पाहिजे होतं. खऱ्या जगात टकरच्या कॉन्ट्रॅक्टचं एकच वर्ष उरलं होतं, तरी कब्जला त्याच्यासाठी पारेडेस, वेस्नेस्की आणि त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये (नवीन पोरांची निवड) पहिल्या फेरीत घेतलेला कॅम स्मिथ असे तिघं द्यावे लागले. किती वर्षं उरलीत, पगार कोण भरणार, समोरच्याला पिचर हवाय की कॅचर, यावर सगळं चालतं, आणि मशीनला यातलं काही कळत नाही.

एक पान मात्र मनापासून आवडलं, पगाराचं. 2025 ची टॅक्सची रेषा 24 कोटी 10 लाख डॉलर, आणि कुठली टीम रेषेच्या किती वर ते रंगात दाखवतात. तिथे बसून मला कळलं की सोटोचे 76.5 कोटी टॅक्ससाठी वर्षाला 5 कोटी 10 लाख धरतात, आणि ओहतानीचे 70 कोटी मात्र उशिरा मिळणार म्हणून वर्षाला साधारण 4 कोटी 60 लाखच. बाबा बँकेत होते, त्यांना हे लगेच समजलं, मला दोन दिवस लागले.

बाकी तक्रारी भराभर. रात्री तीनला नोटिफिकेशन येतात, तेही "अमुकला मायनर लीग कॉन्ट्रॅक्ट" असल्या, मी "फक्त मोठ्या बातम्या" लावलं तरी येतात. अँड्रॉइडवर बॅटरी खातं. जेफ पासन या बातमीदाराच्या नावाच्या खोट्या अकाउंटवरची बातमी एकदा खरी म्हणून ढकलली आणि वीस मिनिटांनी काढून टाकली, माफी नाही काही नाही. घाईत मोठेमोठे बातमीदारही घसरतात म्हणा, 2022 ला जज सॅन फ्रान्सिस्कोला चालला अशी बातमी आली तीसुद्धा त्याच्या ॲरन या नावाचं "आर्सन" करून, आणि दुसऱ्याच दिवशी तो यांकीजकडेच 9 वर्षांसाठी. पण ते ट्वीट अजून तरी लोक हसत हसत आठवतात. आणि 21 फेब्रुवारीला यांकीजने खेळाडूंवरचा 1976 पासूनचा दाढीबंदीचा नियम बदलला, विल्यम्स दाढी काढणार का यावर आम्ही दोन महिने घातले होते, तर त्या दिवशी ॲपवर अक्षर नाही. म्हणे ट्रेडची बातमी नाही ती.

काल, 29 मार्च, मिलवॉकी आमच्याकडे, समोर पिचर कोण तर आपलाच जुना नेस्टर कोर्तेस, विल्यम्ससाठी दिलेला. पहिला बॉल, गोल्डश्मिट, होमरन. दुसरा बॉल, बेलिंजर, होमरन. तिसरा बॉल, जज, होमरन. मी सोफ्यावर उभी. तीन बॉलमध्ये हिवाळ्यातले तीन व्यवहार डोळ्यासमोरून गेले, आणि मेट्सवाला पोरगासुद्धा तोंड उघडं टाकून बघत होता. 20-9 ने जिंकलो. त्या गडबडीत फोन वाजला, ॲपचंच नोटिफिकेशन, पुढच्या नोव्हेंबरमध्ये काइल टकर फ्री एजंट, कुठली टीम घेणार, मत द्या.

माझं आणि पोराचं सबस्क्रिप्शन आज बंद करणार होते, पाचपैकी अडीच स्टार, तेही पगाराच्या पानासाठी. पण फॅमिली प्लॅन एकत्रच बंद होतो, आणि सकाळी बाबांचा फोन आला होता, मॅचबद्दल एक शब्द नाही, विचारत होते की टोरांटोच्या त्या ग्वेरेरोचं काय ठरलं, नव्या कॉन्ट्रॅक्टसाठी त्याने टीमला दिलेली मुदत तर फेब्रुवारीतच संपली ना.