उन्हाच्या नावावर खपलेली डबी

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत नागपूरचे मतदान १९ एप्रिलला होते आणि त्याआधी आम्ही काही शिक्षिका घरोघरी मतदार चिठ्ठ्या वाटत फिरत होतो. डोक्याला व तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला असला, तरी प्रत्येक दारात नावाची खातरजमा करताना तो खाली ओढावाच लागे. मतदानाचा दिवस उजाडेपर्यंत माझे गाल, नाक आणि कपाळ चांगलेच रापले होते. मे महिन्यात घरात लग्न होते, त्यामुळे मला घाई होती, हे आधीच कबूल करते.

वस्तीतल्या एका पार्लरमध्ये ‘टॅनिंग घालवणारे आयुर्वेदिक क्रीम’ म्हणून मला एक पांढरी डबी देण्यात आली. किंमत ४५० रुपये, तीही रोख, आणि बिल नाही. झाकणावर कोरफडीचे चित्र व ‘रात्री लावणे’ एवढाच मजकूर असलेला स्टिकर जरा तिरका चिकटवलेला होता. उत्पादकाचा पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापराची मुदत, घटकांची यादी यांपैकी काहीही त्यावर नव्हते. वर्गात मुलांना वेष्टनावरची माहिती वाचायला शिकवणाऱ्या बाईला हे दिसले नाही असे नाही. दिसले, विचारले, आणि “मॅडम, घरी बनवतो, म्हणून छापील काही नसतं,” या उत्तरावर तिचे समाधान झाले.

आठवड्याभरात चेहरा असा उजळला, की लग्नघरी प्रत्येकीने क्रीमचे नाव विचारले. डबी संपल्यावर तिसऱ्या दिवशी मात्र गालांची आग होऊ लागली, बारीक पुरळ उठले आणि साध्या पाण्याने तोंड धुतले तरी चुरचुरू लागले. नागपुरातला मे महिना असल्यामुळे मी सगळा दोष उन्हाला दिला. पार्लरवालीनेही तेच सांगितले, “आतली उष्णता बाहेर पडते आहे, घाबरू नका, बंद मात्र करू नका.” दुसरी डबी लावताच एका रात्रीत आग शमली, त्यामुळे तिच्यावरचा माझा विश्वास उलट वाढला. तिसऱ्या डबीला तिने ७०० रुपये घेतले आणि मी ते निमूटपणे दिले. या फसवणुकीची सगळी मेख इथेच आहे. डबी थांबवली की चेहरा पेटतो, पुन्हा लावली की शांत होतो, आणि उन्हाळ्यात त्या आगीचे खापर फोडायला ऊन आयतेच मिळते.

ऑगस्टमध्ये, ऊन पार उतरल्यावरही गाल लालच राहिले, तेव्हा मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी भिंग लावून गालांवरच्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा आणि नव्याने उगवलेली लव मला दाखवली व पहिलाच प्रश्न विचारला, “कुठलं क्रीम लावता?” त्यांच्या मते ही लक्षणे क्रीममधल्या स्टेरॉइड या दाह दाबणाऱ्या औषधाची होती. स्टेरॉइडमुळे रक्तवाहिन्या आकसतात आणि दाह दबतो, म्हणून चेहरा झटपट उजळ दिसतो. पण दीर्घ वापराने त्वचा पातळ होते, ती ऊन सोसू शकत नाही, आणि औषध थांबताच दबलेला दाह दुपटीने उसळतो. म्हणजे उन्हापासून वाचण्यासाठी लावलेल्या क्रीमनेच माझी उन्हापुढची ढाल काढून घेतली होती.

जाब विचारायला पार्लरमध्ये गेले, तेव्हा पार्लरवाली आत कोणाच्या तरी भुवया कोरत होती. बाकाखालच्या कचऱ्याच्या टोपलीत पिळून चपट्या केलेल्या ॲल्युमिनियमच्या आठ-दहा ट्यूबा पडलेल्या होत्या. एक उचलून पाहिली, तर तिच्यावर ‘आरएक्स’ ही खूण आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना होती. चेहऱ्यावर सर्रास फासल्या जाणाऱ्या स्टेरॉइड मलमांपैकी १४ मलमे केंद्र सरकारने २०१८ मध्ये चिठ्ठीशिवाय विकण्यास मनाई केली, हे मला त्यानंतर कळले. “ते दुसऱ्या कामाचं आहे,” एवढेच ती म्हणाली. माझ्या डबीत तेच मलम होते असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण तिची प्रयोगशाळेत तपासणी झालेली नाही.

डॉक्टरांनी लघवीचीही तपासणी करायला लावली, तेव्हा मला ती उगाचची वाटली होती. अशा बिननावाच्या क्रीममध्ये पाराही असू शकतो आणि तो त्वचेतून शरीरात जाऊन मूत्रपिंडाला इजा करतो, असे त्यांनी समजावले. अकोल्यात एकाच घरातल्या तिघींना असे क्रीम वापरल्याने मूत्रपिंडाचा विकार जडल्याची व क्रीममध्ये पारा सापडल्याची बातमी २०२३ मध्ये आली होती. मी ती तेव्हा वाचून विसरले होते. माझी तपासणी सुदैवाने निर्दोष निघाली.

सर्वांत जास्त चरफड झाली ती एका साध्या माहितीने. रापणे हा रोगच नव्हे. ऊन अडवण्यासाठी त्वचेने तयार केलेले ते रंगद्रव्य असते आणि ऊन टाळले तर वरचा थर झडत जाऊन काही आठवड्यांत ते आपोआप फिके होते. मी १,६०० रुपये मोजले ते जे फुकट होणार होते त्यासाठी. उपचाराला सात महिने लागले. आता सकाळी दोन बोटांवर मावेल इतके सनस्क्रीन चेहऱ्याला व मानेला लावते, बाहेर असले तर दर दोन तासांनी पुन्हा लावते, आणि घेताना एसपीएफ या संरक्षणाच्या आकड्याबरोबर ‘पीए’ पुढची अधिकची (+) चिन्हेही पाहते, कारण एसपीएफ मुख्यतः त्वचा भाजणाऱ्या किरणांपुरता असतो, तर ‘पीए’ त्वचेत खोल शिरणाऱ्या किरणांसाठी. छत्री मात्र यांपैकी कशाहूनही भरवशाची वाटते.

तिसरी डबी अर्धी उरली आहे. ती कागदात गुंडाळून अन्न व औषध प्रशासनाकडे द्यायच्या तक्रारीला जोडली आहे. ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही हाताशी आहे, पण दाखवायला बिल नाही. अर्ज लिहायला बसले तेव्हा विक्रेत्याचे नाव, तारखा, रक्कम हे सगळे भराभर लिहून झाले. ‘उत्पादकाचे नाव’ लिहायची वेळ आली, तेव्हा डबी हातात फिरवून पाहिली आणि ती जागा कोरी सोडली.