मुंबईचा पडदा की घरचा रिमोट?

लंडनच्या नॅशनल थिएटरचा नवा हंगाम जाहीर झाला की आमच्या नाटकवेड्या गोतावळ्यात एक प्रश्न हमखास फिरतो : पाहायचं कसं? लंडनला जाऊन, असं कोणी म्हणत नाही. मुंबईला नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्रात पडद्यावर पाहायचं, की वर्गणी भरून घरच्या टीव्हीवर, एवढाच वाद. परवा भाच्याने फोन केला, ‘मामा, तू दोन्ही केलंयस, एका वाक्यात सांग.’ एका वाक्यात जमलं नाही. मग तासभर बोललो, तरी त्याचं समाधान झालं नाही, म्हणून लिहून काढतोय.

एनसीपीएत ‘नॅशनल थिएटर लाइव्ह’ या नावाने दिसतं ते आधी चित्रित केलेलं नाटक, त्या रात्रीचा प्रयोग नव्हे, हे तुम्हाला माहीत असेलच. घरी ‘नॅशनल थिएटर ॲट होम’ या सेवेची महिन्याची किंवा वर्षाची वर्गणी असते, नाहीतर एकेक नाटक ७२ तासांसाठी भाड्याने मिळतं. यातली मेख एकच. नवं नाटक आधी जगभरच्या पडद्यांवर फिरतं आणि घरच्या कपाटात यायला बरेच महिने घेतं, आणि त्यातलं सगळंच येतं असंही नाही. म्हणजे ‘नवा हंगाम’ म्हणून ज्याची बातमी वाचून तुम्ही हरखलात, तो घरी बसून पाहायचा तर धीर हवा.

हरखण्यासारखं आहे, यात शंका नाही. इंधू रूबासिंगम यांनी २०२५ साली सूत्रं हाती घेतली. १९६३ मध्ये लॉरेन्स ऑलिव्हिएंनी सुरू केलेल्या या संस्थेच्या प्रमुखपदी आलेल्या त्या पहिल्या बाई, आईवडील श्रीलंकेतले तमिळ. त्यांच्या पहिल्याच हंगामात जुनं आणि नवं असं काही कालवलंय की निवडताना गोंधळ उडावा. युरिपिडीसचं ‘बॅकी’ नव्याने लिहून सर्वांत मोठ्या ऑलिव्हिए रंगमंचावर, आणि लेखक नीमा तालेघानी यांचं हे पहिलंच नाटक. हिरान अबेसेकरा यांचा हॅम्लेट. सिंजचं ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’, ज्याच्या १९०७ च्या पहिल्या प्रयोगांना डब्लिनमध्ये दंगा झाला होता. आणि क्रिस्टोफर हॅम्प्टन यांचं ‘ले लिएझाँ दांजरूज’. या शेवटच्यात माझा जीव अडकलाय. १९८५ च्या मूळ प्रयोगात लेस्ली मॅनव्हिल यांनी त्यातल्या कोवळ्या, फसवल्या जाणाऱ्या सेसिलचं काम केलं होतं. आता चाळीस वर्षांनी त्याच बाई, फसवणारी मार्कीज झाल्यात. आपल्याकडे एखादी नटी शारदा करून पुढे त्याच नाटकात तिची आई इंदिराकाकू करते, त्यातलाच प्रकार म्हणा, पण इथे सूड जास्त आहे.

तर घरचा पर्याय आधी. त्याच्या बाजूने पुष्कळ आहे. एक म्हणजे तळाला संवादांची अक्षरं येतात. हॅम्लेटला ती नसली तरी चालतं, आगरकरांनी १८८३ सालीच त्याचं मराठी ‘विकारविलसित’ केलंय, गोष्ट आपल्या घरातलीच आहे. पण सिंजची ती आयर्लंडच्या खेड्यातली इंग्रजी मला तरी अक्षरांशिवाय झेपत नाही. एनसीपीएत मी जे चार-पाच खेळ पाहिले त्यांना अक्षरं नव्हती. दुसरं म्हणजे जुना साठा. हेलन मॅक्रॉरी २०२१ मध्ये गेल्या, त्यांची २०१४ ची ‘मीडिआ’ आता दुसरीकडे कुठे पाहणार? आणि पैशांचं म्हणाल तर पुण्याहून मुंबईची एक खेप, जाणं-येणं, खाणं आणि तिकीट धरून, मला घरच्या काही महिन्यांच्या वर्गणीएवढी पडते. हिशेब करणारा माणूस इथेच वाचन थांबवू शकतो.

मी थांबलो नाही याचं कारण ती ‘मीडिआ’च.

हे नाटक जेमतेम दीड तासाचं आहे आणि त्याला मध्यंतर नाही. मुद्दामच नाही. नवऱ्याने टाकलेली बाई स्वतःच्या मुलांना मारायच्या निर्णयापर्यंत सरकत जाते, त्यात प्रेक्षकाला बटाटेवडा खायला कोण सोडेल? रविवारी दुपारी आम्ही तिघं बसलो, मी, बायको आणि आई. दहाव्या मिनिटाला कुकरची तिसरी शिट्टी झाली. बायको उठली, जाता जाता म्हणाली, ‘थांबव ना जरा.’ थांबवलं. मग पार्सलवाला आला, ओटीपी सांगेपर्यंत पुन्हा थांबवलं. मग आईने विचारलं, ‘अरे, ही त्या पोरांना मारणार आहे का?’ मी थांबवून तिला सगळी पूर्वपीठिका सांगितली. जेसन कोण, ते सोनेरी लोकर काय. ती म्हणाली, ‘मग ठीक आहे, लाव.’ काय ठीक होतं कोण जाणे.

इथवर दोष घरच्यांचा. चौथ्यांदा मात्र कोणी काही बोललं नव्हतं. जेसनचं काम करणाऱ्या नटाला आधी कुठे पाहिलंय ते आठवेना, म्हणून माझा अंगठा आपोआप रिमोटवर गेला आणि मी मोबाइल उघडला. पडद्यावर मॅक्रॉरी तोंड अर्धवट उघडं ठेवून गोठलेल्या, मागे त्या काळ्या झाडांचं रान, आणि मी डॅनी सपानी यांची कारकीर्द वाचतोय. परत सुरू करायला बटण दाबलं तेव्हा तळाला ती पट्टी उमटली : उरलेली मिनिटं २२. त्या क्षणी नाटक संपलं माझ्यापुरतं. आता मुलं कधी मरणार हे मला साधारण मिनिटांच्या हिशेबात कळलं होतं, बसस्टॉपवर पुढची गाडी किती मिनिटांत ते दाखवणाऱ्या फलकासारखं. पुढच्या बावीस मिनिटांत त्या बाईंनी जे काही केलं ते थोर असणार. मी पट्टीचाच विचार करत होतो.

हे माझं वैयक्तिक दुखणं आहे, कबूल. मनावर ताबा असलेले लोक असतात, माझे एक स्नेही फोन बंद करून, दार लावून, दिवे घालवून पाहतात आणि त्यांना घरच्यासारखं सुख नाही. मला ते साधलं नाही. नंतर एक नाटक भाड्याने घेतलं तर तीन रात्री लागल्या. तिसऱ्या रात्री साडेअकराला, ७२ तास संपायच्या आत, वाचनालयाचं पुस्तक उद्या परत द्यायचंय अशा घाईने शेवटचा अंक उरकला. २०२० च्या एप्रिलमध्ये नॅशनलने दर आठवड्याला एक नाटक फुकट दाखवलं होतं, तेव्हा असं झालं नव्हतं. तेव्हा थांबवून जायचं तरी कुठे होतं?

आता मुंबई. त्रास आहे, आणि तो थोडाथोडका नाही. सकाळी सव्वासातच्या डेक्कन क्वीनने गेलो, फोर्टात कामं उरकली, हे छान. पण संध्याकाळचा खेळ असला की परतीची डेक्कन क्वीन पाच-दहाला आपल्याला न घेताच सुटते, आणि आपण त्या वेळी मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर चणे खात असतो. मग रात्री दादरहून बस, घाटात डुलकी, दोन वाजता घराची बेल, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात सुजलेले डोळे. मुलुंडला आतेबहीण आहे म्हणून मी कधीमधी तिच्याकडे राहतो, पण दरवेळी किती तोंड घेऊन जायचं? प्रेक्षागृहातला एसी पुण्याच्या माणसाला सोसत नाही. एकदा शेजारच्या बाईंनी गोळीचा कागद सोडवायला अख्खं स्वगत घेतलं.

पण तिथे मी अँड्रू स्कॉट यांचं ‘वान्या’ पाहिलं. (हे नॅशनलचं स्वतःचं नाटक नव्हे, लंडनच्या व्यावसायिक वेस्ट एंडमधलं. ‘लाइव्ह’च्या छत्रीखाली पडद्यावर येतं ते सगळं नॅशनलमध्येच झालेलं असतं असं नाही, जाहिरात नीट वाचावी.) चेकॉव्हच्या नाटकातली सगळी पात्रं हा एकटा माणूस करतो. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’त लक्ष्मण देशपांड्यांना बावन्न पात्रं करताना पाहिलेल्या माणसाला यात नवल नाही, पण रीत निराळी आहे. आवाज फारसा बदलत नाही. गळ्यातली साखळी बोटांनी चाळवली की तो सिनेदिग्दर्शकाची तरुण बायको, हातात भांडी पुसायचं फडकं आलं की सोनिया, टेनिसचा चेंडू आपटला की डॉक्टर. पहिली दहा मिनिटं मी पार हरवलो होतो. घरी असतो तर नक्की थांबवून पात्रांची यादी शोधली असती. तिथे थांबवता येत नव्हतं, म्हणून बघत राहिलो, आणि विसाव्या मिनिटाला माझं मलाच कळलं की साखळीकडे हात जायच्या आधीच मी त्या बाईची वाट बघतोय. गोळीवाल्या बाईंनीही दुसरी गोळी काढली नव्हती.

कॅमेऱ्याबद्दलची तक्रार दोन्हीकडे सारखीच आहे. आपण कोणाकडे बघायचं हे दुसराच कोणीतरी ठरवतो. आपल्या ‘घाशीराम’चा विचार करा. १६ डिसेंबर १९७२ ला भरत नाट्य मंदिरात ते पहिल्यांदा उभं राहिलं. बारा बामणांची ती रांग कधी भिंत होते, कधी पडदा. कॅमेऱ्याने त्यातल्या एकाचं नाक जवळून दाखवलं तर भिंत कुठे राहिली? ऑलिव्हिए हे पंख्यासारखं पसरलेलं, अकराशेच्या वर खुर्च्यांचं थिएटर, तिथल्या ग्रीक नाटकांतल्या कोरसचं नेमकं हेच होतं. पण एवढं म्हणतो की भिंतीएवढ्या पडद्यावर सगळा रंगमंच दिसतो तेव्हा डोळ्याला थोडं हिंडता येतं. आमच्या त्रेचाळीस इंची टीव्हीवर लांबून घेतलेल्या दृश्यात नट माझ्या करंगळीएवढे असतात, मग जवळच्या दृश्याची वाट पाहावी लागते आणि कॅमेऱ्याचंच फावतं. आवाजाचंही तसंच. टीव्हीच्या स्पीकरमधून इंग्रजी नाटक ऐकणं म्हणजे शेजारच्या खोलीतलं भांडण ऐकणं.

तिसरा पर्याय कोणीतरी काढणारच : कशाला ते लंडन? पुण्यातच सुदर्शनला जा, ज्योत्स्ना भोळेला जा, जितीजागती माणसं बघ. जातोच की. शनिवार पेठेत तिसऱ्या रांगेतून नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, त्याची बरोबरी मुंबईचा पडदा करत नाही आणि करायचा आवही आणू नये. पण ती निवड वेगळी. वरण-भात रोज खातो म्हणून आमरसाला नाही म्हणत नाही. शिवाय आपल्याकडच्या एका नाट्यगृहात मी डासांच्या नादात एक अख्खा दुसरा अंक गमावलाय, तेव्हा जितेपणाचे तोटेही मला ठाऊक आहेत.

भाच्याला मी शेवटी सांगितलं ते असं. तू हिंजवडीत नोकरी करतोस, आठवड्याला एक सुट्टी धड मिळत नाही, लग्न नवीन आहे, तर महिनाभराची वर्गणी घेऊन बघ, जुनी दोन-चार नाटकं होतील, वाईट काही नाही. दार लावून घे आणि रिमोट बायकोच्या हातात दे. तिलाही नको असेल तर फ्रिजवर ठेव. पण नव्या हंगामातलं एखादंच पाहायचं ठरवलंस, तर माझ्या मते तरी पुण्याहून निघावं. खर्च चारपट वाटेल. मला तो हॅम्लेटसाठी वाटला नाही.

मॅनव्हिलबाईंचं नाटक एनसीपीएत लागलं की मला कळव म्हणून मुलुंडला सांगून ठेवलंय, शाल पिशवीत आहेच. ‘प्लेबॉय’चं मात्र अजून ठरत नाही. अक्षरं हवीत, म्हणजे घरी थांबावं लागणार, म्हणजे पुन्हा कुकर. बायको म्हणते, त्या दिवशी बाहेरून मागवू.