मुलाखती उतरवून देणारे टायपिंग सेंटर: एका संशोधक विद्यार्थ्याचा अनुभव

ऊसतोड कामगारांच्या स्थलांतरावर समाजशास्त्रात पीएच.डी. करताना बीड जिल्ह्यातल्या धारूर आणि वडवणी तालुक्यांतल्या 22 मुलाखती मी मोबाइलवर ध्वनिमुद्रित केल्या. पाऊण तासाची मुलाखत शब्दशः उतरवायला मला पाच-सहा तास लागत. फोनवरच्या आपोआप उतरवणाऱ्या सोयीने तर फडातल्या गलक्यापुढे पहिल्याच मिनिटाला हात टेकले. म्हणून छत्रपती संभाजीनगरातल्या एका टायपिंग सेंटरला मी 18 मुलाखती दिल्या. दर मिनिटाला 12 रुपये या हिशेबाने 9,720 रुपये झाले. फेलोशिपच्या रकमेचा नेम नसताना ही रक्कम लहान नव्हे, पण वाचलेला वेळ पाहता मला ती वाजवी वाटते. काम ठरलेल्या तीन आठवड्यांच्या दोन दिवस आधीच हाती आले.

अडचण मजकुरात होती. टाइप करणाऱ्या ताईंनी माझ्यावर उपकार म्हणून भाषा सुधारली होती. ‘मुकादम उचल द्यायलाय’ असे बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी ‘मुकादम उचल देत आहे’ आले. (मुकादम म्हणजे मजुरांची टोळी नेणारा कंत्राटदार आणि उचल म्हणजे हंगामाआधी त्याने दिलेली आगाऊ रक्कम.) विचारल्यावर त्या म्हणाल्या, “नीट मराठी करून दिलंय सर, गाइडना वाचायला बरं पडंल.” त्यांचा हेतू चांगला होता, परंतु बोलणाऱ्याची बोली हीच मानवशास्त्र-समाजशास्त्रातली सामग्री असते, ती पुसली की मुलाखत कुणाचीही होऊन जाते. एका ठिकाणी ‘कोपीत पाणी शिरलं’ याचे ‘कॉपीत पाणी शिरले’ झाले होते. कोपी म्हणजे कारखान्याच्या तळावर पाचट-ताडपत्रीचे उभारलेले खोपट. शहरातल्या माणसाला तो शब्द ठाऊक नसणे मी समजू शकतो. ‘मुकादमानं वाडीतून बारा कोयते नेले’ या वाक्यात मात्र ‘विकत’ हा शब्द पदरचा घातला गेला. नवरा-बायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि उचल त्या जोडीवर ठरते, म्हणजे गेली होती ती चोवीस माणसे; लोखंडाची खरेदी नव्हे.

उचल फिटली का, असे विचारल्यावर एक बाई बराच वेळ गप्प राहिल्या आणि मग हसल्या. उतरवलेल्या प्रतीत ती शांतता नाही आणि ते हसूही नाही, थेट पुढचा प्रश्न आहे. शब्दांची एक यादी आणि विराम नोंदवण्याची सूचना दिल्यावर सेंटरने पाच मुलाखती जादा पैसे न घेता पुन्हा करून दिल्या आणि त्या खरोखरच चांगल्या उतरल्या. यादी आधीच न देणे ही माझी चूक.

पहिली प्रत युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये होती, त्यामुळे ‘उचल’ हा शब्द किती जणांनी कोणत्या संदर्भात वापरला हे शोधायला गेलो तर संगणकाला एकही ठिकाण सापडेना. युनिकोडमध्येच हवे, हे पहिल्याच दिवशी बजावून सांगावे.

खरी तक्रार वेगळी आहे. दुसऱ्यांदा गेलो तेव्हा माझ्या फायली, ज्यांना मी माणसांची आणि गावांची नावे देऊन ठेवली होती, गिऱ्हाइकांसाठी उघड्या असलेल्या संगणकाच्या पडद्यावर तशाच होत्या. नाव बाहेर जाणार नाही असा शब्द मी त्या लोकांना दिला होता, आणि मुकादमाबद्दल बोलणाऱ्याला पुढच्या दिवाळीनंतर त्याच मुकादमाकडे जायचे असते. मालकांनी माझ्यासमोर फायली काढून टाकल्या, दिलगिरीही व्यक्त केली. तेव्हापासून मी ‘क-1’, ‘क-2’ अशाच खुणा घालतो आणि मुलाखतीच्या सुरुवातीचा नाव-गावाचा भाग कापून मगच फाइल देतो.

उरलेल्या चार मुलाखती सेंटरला दिल्या नाहीत. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. या चौघी त्याच अनुभवाबद्दल बोलल्या आहेत. त्या मुलाखती मी रात्री कानाला हेडफोन लावून स्वतः उतरवतो आहे. दुसरी अजून अर्धी बाकी आहे.